जुन्या सिटीला चार पिस्टनचे कॅलिपर घालावेत का?

पर्वरीकर_व्हीटेक

मंडळी, सल्ला हवाय.

गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२ ची. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आधीच्या मालकाने १५ इंची अलॉय आणि १९५ चे टायर घातलेत. इंजिन ठणठणीत आहे आणि गाडी विकायची नाही, तेव्हा 'नवी घे' हा सल्ला कृपया नको.

बायकोचं माहेर बेळगावला, त्यामुळे चोर्ला घाट आम्हाला रोजचाच म्हणा. मागच्या खेपेला उतरताना चार माणसं, डिकी भरलेली आणि पुढे खडीचा ट्रक. त्याच्या मागे ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. घाटाच्या पायथ्याची केरी जवळ आली आणि एका वळणावर पेडल एकदम खाली गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागला. अंजुणे धरणाकडे गाडी बाजूला घेऊन थांबलो, थोड्या वेळाने सगळं पूर्ववत. घरी कोणाला सांगितलेलं नाही, इथे वाचू नये एवढीच इच्छा.

आता मुंबईचा एक विक्रेता अ‍ॅल्युमिनियमचे चार पिस्टनचे कॅलिपर (ऑइलच्या दाबाने पिस्टन सरकवून पॅड डिस्कवर दाबणारे भाग), ब्रॅकेट आणि पॅड असा संच देतोय. डिस्क आहे तीच राहणार. पिस्टन ४४.४५ मिमी, म्हणजे पावणेदोन इंची. त्याचं म्हणणं, एकाचे चार पिस्टन झाले की ब्रेक चौपट. चौपट नको, दीडपट झाला तरी पुरे. कोणी घातलेत का? १५ इंची चाकात बसतात का? आणि नोंदणी वाढवायला गेल्यावर आरटीओत काही विचारतात का?

करासवाडा_एक्सप्रेस

लाल रंगाचे घ्या. लाल कॅलिपरने गाडी लवकर थांबते असं माझ्या भाच्याचं ठाम मत आहे. त्याने तर चिकटवायची प्लास्टिकची कव्हरं घेतलीत, वर 'ब्रेम्बो' लिहिलेली. आतलं कॅलिपर गंजलेलं ते गंजलेलंच. कव्हरामुळे हवा लागेनाशी झाली ते वेगळं.

बाकी जाणकार येतीलच. मी बसलोय चहा घेऊन.

बारा_तेराचा_पाना

कॅलिपरचं नंतर बघू. आधी एक सांगा, पेडल खाली गेलं तेव्हा ते मऊ लागत होतं की कडक? जळका वास आला होता का? ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

विचारतोय कारण घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो. पॅड त्यांच्या कुवतीपलीकडे तापले तर पेडल कडक राहतं, दाबून दाबून पोटरी दुखते, वास सुटतो आणि गाडी सरकतच राहते. ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडून खाली बसतं. कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे झालेले असतात, आणि ऑइल दाबलं जात नसलं तरी वाफ दाबली जाते. पंप केल्यावर लागला, थंड झाल्यावर पूर्ववत झाला, म्हणजे तुमच्याकडे दुसरा प्रकार दिसतोय. तसं असेल तर कॅलिपर चार पिस्टनचे घाला नाहीतर आठ, जुनं ऑइल त्यातही उकळणारच.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, रबरी नळ्यांतूनसुद्धा. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ऑइलचं काय होत असेल ते बघा. दर दोन वर्षांनी बदलायचंच, किलोमीटर किती झाले याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

एक महत्त्वाचं, डॉट ५ नावाचं वेगळं ऑइल असतं, ते सिलिकॉनचं. ५.१ समजून ते आणू नका, ते बाकीच्यांत मिसळत नाही.

पर्वरीकर_व्हीटेक

पेडल मऊच होतं. वास आला, पण तो पुढच्या ट्रकचा की आमचा ते कळलं नाही. ऑइल माझ्याकडे गाडी आल्यापासून बदललेलं नाही, त्याआधीचं देव जाणे. आता बाटली उघडून पाहिली, कोऱ्या चहासारखा रंग आहे.

वेर्णा_वीकेंड

ऑइल बदला हे ठीकच. पण चार पिस्टनच्या कॅलिपरना उगाच नावं ठेवू नका. माझ्या एस्टीमला घातलेत, विलवुड कंपनीचे, ३८ मिमीचे पिस्टन, रीतसर ब्रॅकेट करून. पेडल असं घट्ट झालंय की पायाच्या बोटाने मोजून ब्रेक लावता येतो. फिक्स्ड कॅलिपर (दोन्ही बाजूंना पिस्टन असलेलं) जागचं हलत नाही आणि जुन्या लोखंडी कॅलिपरसारखं दाबाखाली तोंड उघडत नाही. पॅड बदलायला वरची पिन काढली की वरूनच उचलता येतात. वजनही कमी. ज्यांनी चालवून पाहिलेलं नाही त्यांनी बोलू नये.

बारा_तेराचा_पाना

वेर्णा भाऊ, नावं ठेवलेली नाहीत. पेडलबद्दल म्हणता ते शंभर टक्के खरं. फक्त 'चौपट' या शब्दाला माझा आक्षेप आहे, आणि त्याचा हिशेब तुमच्याच गाडीवर मांडतो.

जुन्या फ्लोटिंग कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने अख्खं कॅलिपर पिनांवर मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून धरतं. म्हणजे एका पिस्टनमध्ये दोन्ही बाजूंचं काम होतं. फिक्स्ड कॅलिपरमध्ये दोन पिस्टन इकडून, दोन तिकडून, एकमेकांसमोर. म्हणून तुलना करताना चार मोजायचे नाहीत, एका बाजूचे दोनच मोजायचे.

समजा मूळ पिस्टन ५४ मिमीचा आहे (तुम्ही व्हर्नियर लावून मोजा). त्याचं क्षेत्रफळ २२९० चौरस मिमी. वेर्णा भाऊंच्या ३८ मिमीच्या दोन पिस्टनांचं मिळून २२६८. दाब तोच, क्षेत्रफळ जवळजवळ तेच, म्हणजे पकडही तीच! त्यांना जे छान वाटतंय ते कॅलिपरच्या ताठपणामुळे आणि बहुधा नव्या पॅडमुळे.

आता पर्वरीकरांना मिळणारा ४४.४५ चा संच. दोन पिस्टनांचं क्षेत्रफळ ३१०४, म्हणजे ३५ टक्के जास्त. ऐकायला बरं वाटतं. पण तेवढंच जास्त ऑइल ढकलायला मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला मुख्य पंप) मात्र जुनाच, म्हणजे पेडल आणखी खाली जाणार. ज्या तक्रारीसाठी खर्च करायचा तीच वाढायची. दुसरं, पुढचा ब्रेक ३५ टक्क्यांनी वाढला आणि मागचे ड्रम आहेत तिथेच. कंपनीने पुढचा-मागचा मेळ घालूनच मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो मेळ मोडला की पुढची चाकं आधी लॉक होतात आणि मागची आपला वाटा उचलतच नाहीत. एबीएस नाही. मृगाचा पहिला पाऊस, रस्त्यावर तांबडी माती आणि डिझेलचा चिकटा, आणि पुढची दोन्ही चाकं जाम. स्टिअरिंग कुठेही फिरवा, गाडी सरळच जाणार.

मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असं बघून जोरात ब्रेक दाबा. टायर चीं करून लॉक होतो का? होत असेल तर कॅलिपरमध्ये जोर कमी नाही. गाडी शेवटी टायरच थांबवतो, त्याच्या पकडीपलीकडचा जोर वाया जातो. टायर किती जुने आहेत तेही बघा, बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

फोंड्याचा_मास्तर

मी गाडीतला तज्ज्ञ नाही, फिजिक्स शिकवतो. उष्णतेचा हिशेब कोणी मांडला नाही म्हणून लिहितो.

माणसं धरून गाडी १२०० किलो. ताशी ८० वरून थांबवली तर साधारण ३०० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातली ७० टक्के पुढच्या डिस्कांत गेली आणि दोन्ही डिस्क मिळून १० किलोच्या धरल्या, तर एका थांब्याला त्या सुमारे ४५ अंशांनी तापतात. यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता घाट. चोर्ल्यावरून केरीला येताना ६०० मीटर उतरलात असं धरा. ती ऊर्जा ७००० किलोज्यूलच्या वर जाते. म्हणजे ८० वरून तेवीस-चोवीस वेळा गाडी थांबवल्यासारखं, तेही ट्रकच्या मागे, वारा नाही अशा वेगात. यातली निम्मी इंजिनाने खाल्ली तरी उरलेली कुठे जाणार? आधी डिस्क, मग पॅड, पिस्टन, ऑइल.

या सगळ्यात कॅलिपरचा वाटा किती? उष्णता साठवते डिस्क. डिस्क तीच ठेवून कॅलिपर बदललं तर साठवायची जागा वाढत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा उष्णता लवकर वाहून नेतं, चांगल्या कंपन्या पिस्टन स्टेनलेस स्टीलचे करतात त्यामागे हेच कारण. खर्च करायचाच तर जाड, मोठ्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्कवर करावा असं मला वाटतं. आणि दुसरा गिअर फुकट असतो.

करासवाडा_एक्सप्रेस

मास्तर, शेवटच्या वाक्याला टाळ्या. चोर्ल्याला न्यूट्रल टाकून उतरणारे महाभाग आमच्या ऑफिसात तीन आहेत, पेट्रोल वाचतं म्हणे.

बोगमाळो_गंज

समुद्राकाठी राहणाऱ्याचे दोन शब्द. मी जुनी जिप्सी वापरतो, मित्राकडे अशाच आयात कॅलिपरची गाडी होती.

रेसिंगसाठी केलेल्या बऱ्याच कॅलिपरना पिस्टनवर धूळ अडवणारे रबरी डस्ट बूट नसतात. ट्रॅकवर ते जळून जातात म्हणून ठेवतच नाहीत, तिकडे दर मोसमाला कॅलिपर खोलून सील बदलतात. आपण ते घालून उसगाव-सावर्डे बाजूच्या धुळीतून आणि जुलैच्या चिखलातून फिरणार. लाल माती पिस्टनच्या कडेला बसते, पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला की ती सरळ सीलवर जाते. मित्राचं एक कॅलिपर दुसऱ्याच पावसाळ्यात पाझरायला लागलं. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, बूट आहेत का. काही मॉडेलं बूटवाली मिळतात, रस्त्यावरच्या गाडीला तीच.

दुसरं, अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात ब्रेक लाइनमधली हवा काढायचं स्टीलचं निपल आणि वर समुद्राची खारी हवा. दोन धातूंची अशी जोडी इथे जाम पकडते. हवा काढायला निपल फिरवायला गेलं की मुंडकं तुटून हातात. निपलवर रबरी टोपी हवीच, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा सैल करून बघायचं.

विमेकरी

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं. कॅलिपरचा उल्लेख पुस्तकात नसतो, त्यामुळे सायलेन्सर किंवा रुंद टायरसारखं ते चटकन कोणी धरत नाही. पण घरगुती ब्रॅकेट लावलेला ब्रेक तपासणाऱ्याला पटला पाहिजे. तुमची २००२ ची गाडी म्हणजे १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवत आला असाल, पुढची २०२७ ला. तेव्हा ब्रेक बघणारच.

आरटीओपेक्षा विम्याची काळजी घ्या. बदल कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने चाकाच्या आत बघितलं आणि भलतंच काही दिसलं, तर दावा लांबणीवर पडलाच म्हणून समजा.

वेर्णा_वीकेंड

हिशेब मान्य. ४४ चा संच पर्वरीकरांनी घेऊ नये, मीही घेतला नसता. पण घालायचंच झालं तर नीट कसं घालायचं ते लिहून ठेवतो, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

'१५ इंचीत बसतं' हे विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर सोडू नका. फिक्स्ड कॅलिपरचे पिस्टन बाहेरच्या बाजूलाही असतात, त्यामुळे अडचण रिमच्या व्यासापेक्षा स्पोकच्या पाठीची असते. कंपन्या कागदी साचा देतात. पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा, हबवर धरायचा आणि चाक चढवून बघायचं. स्पोक घासत असेल तर स्पेसर (हब आणि चाकामध्ये घालायची चकती) लागतो, आणि स्पेसर आला की बोल्टच्या आट्या पुरेशा धरतात का तेही बघावं लागतं.

ब्रॅकेट ही सगळ्यात नाजूक जागा. कोणत्याही लेथवाल्याकडून पट्टी कापून भोकं पाडून आणू नका. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध यायला शिम (पातळ चकत्या) घालावे लागतात, बोल्ट १०.९ ग्रेडचे, आणि टॉर्क रेंच लावूनच आवळायचे. ऑइलची नळी कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवे.

आणि उजवं-डावं! मडगावात एका गॅरेजमध्ये बघितलेलं, दोन्ही कॅलिपर उलटे चढवलेले, त्यामुळे निपल खालच्या अंगाला. हवा वर जाते, निपल खाली, मग दिवसभर पंप मारा, पेडल स्पंजसारखंच राहणार. मेकॅनिक मास्टर सिलिंडर बदलायच्या बेतात होता.

पर्वरीकर_व्हीटेक

सगळ्यांचे आभार. काल म्हापशात ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी खोलली, मी स्वतः उभा होतो. काय सापडलं ते सांगतो.

डाव्या चाकाचे पॅड हातात घेतले तर बाहेरचा जवळजवळ नव्यासारखा आणि आतला पत्र्यापर्यंत आलेला, तोही पाचरीसारखा तिरका. खालची कॅलिपर पिन हाताने हलेना. पान्याने पिळून काढली तर ग्रीसची वाळून राखाडी पेस्ट झालेली आणि पिनेच्या मध्यावर गंजाचं वळं. म्हणजे कॅलिपर सरकतच नव्हतं, आतला एकटा पॅड घासत बसला होता. मेकॅनिक म्हणाला, हा ब्रेक सुटतही नसेल, घाटाच्या वरपासूनच चाक तापलेलं असणार.

डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, गंज घासल्यावर दिसली. आमची त्याच्या खाली गेलीय, तेव्हा लेथवर घासून घ्यायचा प्रश्नच नाही, नव्याच. मागे ड्रममध्ये अ‍ॅडजस्टर गंजून बसलेला, ड्रमला घासणारे लायनर आणि ड्रममध्ये भरपूर अंतर. हँडब्रेक वरपर्यंत ओढावा लागायचा त्याचं कारण हे. पुढच्या रबरी नळ्यांना वाकवल्यावर भेगा दिसल्या.

विक्रेत्याला फोन करून डस्ट बूटचं विचारलं. 'वो क्या होता है?' असं उत्तर आलं. विषय संपला.

बारा_तेराचा_पाना

सांगू का, तुमच्या गाडीला कंपनीचे ब्रेक मिळालेलेच नाहीत इतकी वर्षं. आधी ते मिळू देत.

पिना आणि रबरं नवी घ्या. पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा, बेअरिंगचं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन परत जाम. पिस्टनचे सील आणि बूटही आताच बदलून घ्या, कॅलिपर खोललंच आहे. ऑइल डॉट ४, सीलबंद छोट्या डब्यातलं. गॅरेजमधल्या अर्ध्या उघड्या कॅनमधलं नको. मागचे अ‍ॅडजस्टर मोकळे करून लायनर ड्रमच्या जवळ लावून घेतले की पेडल आपोआप वर येईल.

पॅड घेताना कडेला छापलेली दोन अक्षरं बघा. पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. एफएफ रस्त्यासाठी उत्तम. ट्रॅकचे पॅड घेऊ नका, थंड असताना ते धरतच नाहीत आणि आपल्याला सकाळी पर्वरीच्या सिग्नललाच थांबायचं असतं.

एवढं करूनही हौस उरली तर होंडाच्याच जुन्या सिव्हिक घराण्यातल्या २६२ मिमीच्या डिस्कची चौकशी करा, २४० वरून तिकडे जाणारे जगभर आहेत. दांडा लांबतो तसा दहा टक्क्यांच्या आसपास जोर वाढतो, उष्णतेला जास्त लोखंड मिळतं आणि कॅलिपर डस्ट बूटसकट कंपनीचं. मात्र नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आणि ब्रॅकेट जुळतं का ते मोजल्याशिवाय मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून काही मागवू नका.

पर्वरीकर_व्हीटेक

पटलं. डिस्क, पॅड, पिना, सील, नळ्या, ऑइल, सगळं नवं घातलं आणि मागचं लायनर लावून घेतलं. पेडल आता निम्म्यावरच घट्ट लागतं. एवढा खर्च करूनही त्या संचाच्या किमतीच्या पासंगाला पुरला नाही. चवथीनंतर बेळगावला जायचंय, २६२ चं तोवर बाजूला. एकच शंका, नवे पॅड थोडे गुळगुळीत वाटतात, पहिल्या दोन-तीन दाबांना पकड कमी. हे बरोबर आहे का?

बारा_तेराचा_पाना

बरोबर आहे, पॅड अजून डिस्कवर बसलेले नाहीत. पहाटे रस्ता मोकळा असताना ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, मग अर्धा किलोमीटर तशीच चालवून डिस्क गार होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. नंतर काही किलोमीटर ब्रेकला हात न लावता फिरवून या, आणि घरी आल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी करा. दुसऱ्या दिवशी चारही चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, आणि बाटलीतल्या ऑइलची पातळी बघा. खाली गेली असेल तर कुठेतरी पाझरतंय, तशी घाटात नेऊ नका.

बोगमाळो_गंज

पर्वरीकर, म्हापशातल्या त्या मेकॅनिकचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? माझ्याही जिप्सीच्या पिना बघून घ्यायच्यात.

पर्वरीकर_व्हीटेक

केला. शनिवारी दुपारनंतर जाऊ नका, तो फुटबॉलला जातो.